सूर्येतर ग्रहांची अधिक्रमणे व हौशी निरीक्षक

सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहास सूर्येतर ग्रह किंवा बाह्यग्रह असे म्हणतात. असा ग्रह पृथ्वीवरून पाहताना आपल्या ताऱ्याच्या बिंबासमोरून सरकत गेला, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशात काही तास अल्पशी घट होते. या घटनेस ग्रहाचे अधिक्रमण म्हणतात. सप्टेंबर २०२५ पर्यंत खात्री पटलेल्या सूर्येतर ग्रहांची संख्या ६,००० वर गेली व त्यांपैकी सु. तीन चतुर्थांश ग्रह अधिक्रमणांवरून सापडलेले आहेत. या शोधकार्यात ज्यांचा चरितार्थ ज्योतिषशास्त्रावर अवलंबून नाही, अशा हौशी निरीक्षकांचा वाटा लक्षणीय आहे. आधुनिक शास्त्राच्या बहुतेक शाखांत हौशी व्यक्तीला फारसा वाव उरलेला नाही. या शाखेत मात्र तो उरला, याचे कारण या कामास दूरदर्शकाच्या आकारापेक्षा निरीक्षकाचा वेळ, त्याचे पृथ्वीवरील स्थान व त्याची चिकाटी यांची अधिक गरज असते. अन्य ताऱ्याभोवती ग्रह असावा, असे निरीक्षणांच्या आधारे प्रतिपादणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींपैकी एकाने आपले वेधकार्य पुणे येथील खाजगी वेधशाळेत सुरू केले होते. त्यामुळे या विषयाच्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोहोचतो.

तत्त्व : सूर्याचा व्यास गुरूच्या व्यासाच्या सु. दहापट आहे. त्यामुळे गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याच्या बिंबावरून गेल्यास बिंबाचा शंभरावा भाग झाकला जातो व प्रकाश सु. १ टक्क्याने उतरतो. पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे होणारी घट दहा हजारांत एका भागाहूनही कमी असते. घटीच्या प्रमाणावरून ग्रहाचा व्यास, दोन अधिक्रमणांमधील काळावरून त्याचा प्रदक्षिणाकाल आणि प्रकाशवक्राच्या आकारावरून कक्षेचा कल काढता येतो. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांच्या स्थलांतरावरून ग्रहाचे वस्तुमान मिळाले, तर त्याची घनताही कळते व तो वायुरूप आहे की खडकाळ आहे, हे ठरविता येते.

अधिक्रमण दिसण्यासाठी ग्रहकक्षेची पातळी दृष्टिरेषेशी जवळजवळ जुळावी लागते. ताऱ्यालगत फिरणाऱ्या गुरूसारख्या ग्रहाच्या बाबतीत असा योग दहांत एकदा, तर पृथ्वीच्या कक्षेएवढी कक्षा असलेल्या ग्रहाच्या बाबतीत सु. दोनशेंत एकदा संभवतो. म्हणून हजारो ताऱ्यांवर दीर्घकाळ नजर ठेवणे हे या पद्धतीचे मुख्य अंग आहे.

पूर्वेतिहास : अधिक्रमणाच्या वेधांशी हौशी निरीक्षकांचे नाते जुने आहे. शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण प्रथम पाहिले ते ४ डिसेंबर १६३९ रोजी इंग्लंडमधील जेरेमाया हॉरॉक्स व विल्यम क्रॅबट्री या दोन मित्रांनी. दोघांपैकी कोणीही कोणत्याही वेधशाळेचा सेवक नव्हता. हॉरॉक्स यांनी स्वतः गणित करून घटनेची वेळ काढली व मित्रास पत्राने कळविली. दोन ठिकाणांहून एकच घटना टिपण्याची ही रीत पुढे या शाखेचा पायाच ठरली. १७८२-८३ मध्ये यॉर्क येथील जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणाने ययाती समूहातील अल्गॉल हा तारा २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी नियमितपणे मंदावतो, असे दाखविले आणि एखादा काळोखा पिंड त्याच्यासमोरून जात असावा, असे एक कारण सुचविले. अल्गॉलभोवतीचा तो पिंड ग्रह नसून दुसरा ताराच आहे, हे पुढे सिद्ध झाले. तथापि प्रकाशाच्या घटीवरून न दिसणाऱ्या पिंडाचा माग काढण्याची कल्पना येथूनच रूढ झाली.

पुणे येथील खाजगी वेधशाळा : विल्यम स्टीव्हन जेकब (१८१३–६२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अभियंता होते. १८४२ मध्ये त्यांनी पुणे येथे स्वतःची वेधशाळा उभारली. डॉलंड बनावटीच्या पाच फुटी दूरदर्शकाने त्यांनी युग्मताऱ्यांचे वेध घेतले व अशा २४४ युग्मताऱ्यांची यादी १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. या कामाच्या बळावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक झाली.

भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाचा तारा हा सु. १७ प्रकाशवर्षे अंतरावरील युग्मतारा होय. त्याचे दोन घटक एकमेकांभोवती सु. ८८ वर्षांत फिरतात. जुन्या-नव्या वेधांवरून कक्षा काढताना जेकब यांना घटकांच्या प्रत्यक्ष जागा व गणिताने येणाऱ्या जागा यांत फरक आढळला. १८५५ मध्ये त्यांनी हा फरक तेथे असलेल्या ग्रहासारख्या एखाद्या पिंडामुळे पडत असण्याचा बराच संभव आहे, असे मत मांडले. १८९० नंतरच्या दशकात टॉमस जेफर्सन जॅक्सन सी यांनी अमेरिकेत हाच दावा पुन्हा केला; परंतु १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन यांनी अशी त्रिपिंड-व्यवस्था स्थिर राहू शकत नाही, असे गणिताने दाखविले. जेकब यांचा ग्रह अस्तित्वात नव्हता. वेधांमधील सूक्ष्म चुका व खरी गती यांची फारकत करण्याइतकी साधने त्या काळी नव्हती. मात्र ताऱ्याच्या वर्तनातील बारीक विसंगतीवरून ग्रहाचे अनुमान करण्याचा त्यांचा मार्ग चुकीचा नव्हता. १९९५ नंतर मिळालेले यश त्याच विचाराच्या नव्या रूपाने आले.

जेकब १८५९ मध्ये मद्रास येथून निवृत्त झाले. पुण्याजवळ उंच डोंगरावर वेधशाळा उभारण्याची योजना त्यांनी आखली. ब्रिटिश पार्लमेंटने तीस १,००० पौंड मंजूर केले व नऊ इंची दूरदर्शक जेकब यांनी पदरमोड करून घेतला. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले व १६ ऑगस्ट रोजी पुणे येथे मरण पावले. योजना त्यांच्याबरोबरच संपली.

व्यक्तीकडून संस्थेकडे : पुढे १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. तेथील ५१ सेंमी. व्यासाचा परावर्ती दूरदर्शक त्या काळी भारतात सर्वांत मोठा होता. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे काम केले. पण ते १९१२ मध्ये निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व तिची उपकरणे कोडईकनालला नेण्यात आली. दोन्ही प्रसंगी एका व्यक्तीबरोबर वेधांची परंपरा खंडित झाली. १९४४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातील हौशी निरीक्षकांच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक असून मुंबईत १९८५ मध्ये खगोल मंडळ सुरू झाले. अशा मंडळांमुळे आकाशनिरीक्षण एकट्या माणसाच्या आयुष्याशी बांधलेले राहिले नाही. अधिक्रमणांच्या वेधांत हीच गोष्ट निर्णायक ठरते, कारण येथे एकाच ताऱ्याकडे अनेकांनी वर्षानुवर्षे पाहावे लागते.

पहिले अधिक्रमण : ताऱ्यालगत फिरणारे मोठे ग्रह असल्यास ते अधिक्रमणांवरून सापडू शकतील, असे ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्ये लिहिले, परंतु असे ग्रह असतील, हे कोणास फारसे संभाव्य वाटत नव्हते. १९९५ मध्ये मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनी उच्चैःश्रवा समूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फिरणारा गुरूसारखा ग्रह वर्णपटाच्या साहाय्याने शोधला, तेव्हा परिस्थिती पालटली. या शोधाबद्दल त्यांना २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

१९९९ मध्ये त्याच समूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना प्रथमच आढळला. डेव्हिड शार्बनो, टिमोथी ब्राउन व त्यांचे सहकारी आणि ग्रेगरी हेन्री व त्यांचे सहकारी अशा दोन गटांनी हे स्वतंत्रपणे टिपले. शार्बनो व ब्राउन यांचा दूरदर्शक अवघ्या १० सेंमी. व्यासाचा, म्हणजे हौशी निरीक्षकाजवळही असू शकेल एवढा होता. ग्रहाचा प्रदक्षिणाकाल सु. साडेतीन दिवस, अधिक्रमणाचा अवधी सु. तीन तास व प्रकाशातील घट सु. दीड टक्का आहे. पुढल्याच वर्षी, १६ सप्टेंबर २००० रोजी, फिनलंडमधील न्यूरोला येथील हौशी मंडळाच्या वेधशाळेतून ४० सेंमी. दूरदर्शकाने हेच अधिक्रमण नोंदविण्यात आले. मोठ्या वेधशाळांबाहेरही हे काम होऊ शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

शोधातील सहभाग : पीटर मॅक्‌कलॉ यांच्या एक्सओ प्रकल्पात हौशी निरीक्षकांना प्रथमपासूनच स्थान होते. हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावर २०० मिमी. केंद्रांतराची, बाजारात मिळणारी दोन छायाचित्रण-भिंगे बसविण्यात आली. त्यांनी हजारो ताऱ्यांची नोंद घ्यावी, संशयित ताऱ्यांची यादी हौशी निरीक्षकांकडे जावी व त्यांच्या कसोटीस उतरलेल्या ताऱ्यांसाठीच मोठ्या दूरदर्शकाचा वेळ मागावा, अशी योजना होती. बेल्जियमचे टोनी व्हॅनमुन्स्टर आणि अमेरिकेतील रॉन बिसिंजर, ब्रूस गॅरी व पॉल हॉवेल यांनी उत्तर मुकुट समूहातील अकराव्या प्रतीच्या एका ताऱ्याचे वेध घेऊन घट खरी असल्याचे दाखविले. एक्सओ-१ बी या ग्रहाचा शोध २००६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा शोधनिबंधाच्या लेखकांत या चौघांची नावे होती.

काही ग्रह वर्णपटावरून आधीच ठाऊक होते. पण त्यांचे अधिक्रमण होते की नाही, हे अज्ञात होते. शर्मिष्ठा समूहातील एचडी १७१५६ या ताऱ्याचा ग्रह २१·२ दिवसांत लंबवर्तुळी कक्षेत फिरतो. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपातील हौशी निरीक्षकांसह अनेकांनी घेतलेल्या वेधांतून त्याचे अधिक्रमण आढळले. सप्तर्षी समूहातील एचडी ८०६०६ या ताऱ्याच्या ग्रहाची कक्षा याहूनही लांबट असून प्रदक्षिणाकाल सु. १११ दिवस आहे. १३-१४ फेब्रुवारी २००९ च्या रात्री त्याचे अधिक्रमण अनेक लहान वेधशाळांतून टिपण्यात आले. हे अधिक्रमण सु. बारा तास चालत असल्याने एका ठिकाणाहून ते संपूर्ण पाहणे अवघड असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला केपीएस-१ बी हा ग्रह तर एका अमेरिकन हौशी निरीक्षकाने आपल्या खाजगी वेधशाळेतून घेतलेल्या विस्तृत क्षेत्राच्या प्रतिमांमधूनच प्रथम सापडला. गुरूएवढ्या वस्तुमानाचा हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती १·७ दिवसांत फिरतो.

संशयितांची छाननी : यशापेक्षा अपयशांची नोंद या क्षेत्रात कमी महत्त्वाची नाही. विस्तृत क्षेत्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यात जवळजवळचे अनेक तारे एकाच चित्रबिंदूत मिसळतात. एप्रिल २०१८ मध्ये सोडलेल्या टेस या कृत्रिम उपग्रहावरील कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू आकाशाचा सु. २१ विकला भाग व्यापतो. मुख्य ताऱ्याशेजारी अंधुक पिधानकारी युग्मतारा असल्यास त्याची मोठी घट मुख्य ताऱ्याच्या प्रकाशात मिसळून ग्रहासारखी लहान दिसते. २० ते ४० सेंमी. व्यासाचा जमिनीवरील दूरदर्शक हे तारे वेगळे दाखवितो. त्यामुळे मंदावणारा तारा नेमका कोणता, हे एका रात्रीत ठरू शकते. ग्रह नाही असे सिद्ध करणाऱ्या निरीक्षकाचे नाव गाजत नाही. पण मोठ्या दूरदर्शकाच्या अनेक रात्री त्याच्यामुळे वाचतात. जेकब यांच्या दाव्याची छाननी होण्यास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. अनेक निरीक्षकांच्या जाळ्यामुळे हेच काम आता काही आठवड्यांत होते.

नोंदींचे वाचन : दूरदर्शक नसलेल्यांनाही या कार्यात स्थान मिळाले आहे. केप्लर या अवकाशातील दूरदर्शकाने घेतलेले प्रकाशवक्र डोळ्यांनी तपासण्याचा उपक्रम डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाला. त्यात कियान जेक व रॉबर्ट गॅग्लिआनो या दोन स्वयंसेवकांना युग्मताऱ्याभोवती फिरणारा ग्रह आढळला. त्या युग्माभोवती ताऱ्यांची आणखी एक जोडी असल्याचेही दिसून आले. हा चार ताऱ्यांच्या व्यवस्थेतील ग्रह २०१२ मध्ये जाहीर झाला. २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी कुंभ समूहातील के२-१३८ या ताऱ्याची ग्रहमालिका उजेडात आणली. तिच्यातील पाच ग्रहांचे प्रदक्षिणाकाल सु. २·३५, ३·५६, ५·४०, ८·२६ व १२·७६ दिवस असून लागोपाठच्या दोघांचे गुणोत्तर जवळजवळ ३ : २ आहे.

ग्रहांच्या गतींतील अशा मेळावरून अज्ञात ग्रहाचे अनुमान करण्याचा प्रयत्न मराठी ज्योतिर्गणितातही झालेला आहे. व्यवसायाने शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लास यांनी दाखविलेल्या संबंधाचा आधार घेऊन १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे फ्रेंच ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. त्यांपैकी ‘ब्रह्मा’ या ग्रहाचा त्यांनी काढलेला प्रदक्षिणाकाल सु. २४२ वर्षे होता. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचा प्रदक्षिणाकाल सु. २४८ वर्षे आहे. प्लूटोचा शोध केतकरांच्या गणितावरून लागला नाही व हे साम्य सिद्धतेचे प्रमाण मानता येत नाही. तथापि वेधशाळेबाहेरच्या अभ्यासकाची झेप त्यावरून ध्यानात येते.

वेधाची रीत : हौशी निरीक्षक ताऱ्याची निरपेक्ष तेजस्विता न मोजता त्याच चित्रक्षेत्रातील स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तिची तुलना करतो. विरळ ढग किंवा धुरळा आल्यास सर्व तारे सारखेच मंदावतात, त्यामुळे गुणोत्तर फारसे बदलत नाही. दर एक-दोन मिनिटांनी एक याप्रमाणे प्रतिमा घेतल्या जातात. अधिक्रमणापूर्वीचा व नंतरचा सु. एक तास धरून सलग पाच तास वेध घ्यावे लागतात. ताऱ्याची प्रतिमा हेतुपुरस्सर किंचित विस्फारित ठेवल्यास प्रकाश अनेक चित्रबिंदूंवर पसरतो व मापन सुधारते. प्रत्येक प्रतिमेची वेळ सेकंदापर्यंत अचूक असावी लागते. अशा रीतीने हजारात दोन-तीन भागांपर्यंत अचूकता साधते. ती गुरूसारख्या ग्रहांस पुरेशी, परंतु पृथ्वीसारख्या ग्रहांस अपुरी आहे.

ग्रह सापडल्यानंतरही वेधांची गरज संपत नाही. चार दिवसांच्या प्रदक्षिणाकालात केवळ दहा सेकंदांची अनिश्चितता असेल, तरी वर्षभरात सु. ९१ फेऱ्यांनंतर अधिक्रमणाची वर्तविलेली वेळ पंधरा मिनिटांनी व दहा वर्षांत सु. अडीच तासांनी चुकू शकते. तीन तासांचे अधिक्रमण पाहण्यासाठी अवकाशातील मोठा दूरदर्शक वळविला असता घटना होऊन गेलेली असावी, असा प्रसंग त्यामुळे येऊ शकतो. हे टाळण्यासाठी हौशी निरीक्षकांचे वेध एकत्र करून ग्रहांचे वेळापत्रक अद्ययावत ठेवतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित एरियल दूरदर्शकासाठी २०१९ पासून अशी सुसंघटित व्यवस्था चालू आहे.

रेखांशाचे महत्त्व : अधिक्रमणाची वेळ निरीक्षकाच्या सोयीने ठरत नाही, ती ज्या क्षणी येते त्या क्षणी पृथ्वीच्या ज्या भागात रात्र असेल, तेथूनच ती दिसते. परभणी जिल्ह्यातील झरी या गावाचे उदाहरण घेता येईल. एचडी २०९४५८ या ताऱ्याची क्रांती उत्तर १८° ५३′ असल्याने तो झरी येथे याम्योत्तर ओलांडताना खस्वस्तिकापासून एका अंशाहून कमी अंतरावर असतो. त्या वेळी त्याचा प्रकाश वातावरणाच्या कमीत कमी जाडीतून येतो व मापनातील चूक घटते. ऑक्टोबरमध्ये झरीस रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पश्चिम युरोपात सूर्य मावळलेला नसतो आणि अमेरिकेतील ॲरिझोनात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. या तासांत घडणारी अधिक्रमणे युरोप-अमेरिकेतील दाट जाळ्यातून निसटतात. जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्रात पावसाळी ढगांमुळे वेध दुष्कर होतात. पण उच्चैःश्रवा समूह संध्याकाळी उंच येतो तो नेमका पाऊस ओसरल्यावर. मराठवाड्यासारख्या प्रदेशातील एखादे महाविद्यालय वा निरीक्षक मंडळ लहान दूरदर्शकानिशी जे वेध घेऊ शकेल, ते या तासांपुरते युरोप-अमेरिकेतील मोठ्या वेधशाळेलाही घेता येणार नाहीत.

सूर्येतर ग्रहांविषयीची लोकांची आस्था एका निराळ्या प्रसंगीही दिसून आली. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २०१९ मध्ये प्रत्येक देशास एका ताऱ्याचे व त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी दिली. भारताच्या वाट्यास आलेल्या एचडी ८६०८१ या ताऱ्यास वैज्ञानिक बिभा चौधरी यांच्यावरून ‘बिभा’ हे नाव मिळाले, तर त्याच्या ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविले होते. पुण्याच्या खाजगी वेधशाळेतून युग्मताऱ्यांची यादी लंडनला गेली, त्यास तेव्हा १७१ वर्षे झाली होती.